आम्हाला प्रार्थना करायला शिकवा : सभा भरवणाऱ्या सेवकांना यावलहून खुले पत्र

प्रिय सेवक बंधू-भगिनींनो,



पावसाळा सरला, की यावल-फैजपूर रस्त्यावर, चोपड्याकडच्या फाट्यांवर आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांमध्ये तुमच्या सभांचे फलक लागतात. आजार, कर्ज, मूलबाळ नसणं, दारू, करणी, कोर्टकचेरी, सगळ्यांवर एकाच मांडवात प्रार्थना होणार, असं त्यांवर लिहिलेलं असतं. मीही त्या मांडवात येऊन बसतो. मी पाळक नाही, पंच नाही. मंडळीचा साधा सभासद आहे. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं मुळात थोडी, त्यातली यावल तालुक्यातली आणखी थोडी. त्यामुळे बाहेरून सेवक येणार म्हटलं की आम्हाला सणासारखं वाटतं. तुमची गाणी आम्ही शेतात गुणगुणतो, तुमच्या जेवणाची सोय आमच्याच घरी होते. म्हणून हे पत्र एखाद्या विरोधकाचं समजू नका. प्रार्थनेवर विश्वास आहे म्हणूनच ते लिहितो आहे.

माझी तक्रार एकच आहे. तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करता, पण आम्हाला प्रार्थना करायला शिकवत नाही.

मांडवात काय होतं ते तुम्ही व्यासपीठावरून पाहता. खालून ते कसं दिसतं तेही पाहा. कीबोर्डचा आवाज चढतो, मग तुम्ही सांगता की आपापलं दुखणं मनात आणा आणि त्यावर हात ठेवा. बाया तेलाच्या आणि पाण्याच्या बाटल्या उंच धरतात. कोणी घरी अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचा शर्ट घडी घालून आणलेला असतो, कोणी मुलीच्या दहावीचं हॉल तिकीट. तुम्ही माईकवरून प्रार्थना करता, आम्ही आमेन म्हणतो. मग रांग लागते. रेशनच्या दुकानासारखी, आपल्या वाट्याचं आज मिळेल की संपेल ही धाकधूक घेऊन माणसं उभी असतात. तुमचा हात डोक्यावर पडला की सुटल्यासारखं वाटतं. ते खोटं नसतं. ज्याला वर्षभरात कोणी आपुलकीनं हात लावला नाही, त्याला त्या एका स्पर्शानं रडू येणारच.

पण चौथ्या दिवशी मांडव उतरतो, तुमची गाडी भुसावळ स्टेशनकडे जाते, आणि त्याच घरात पुन्हा ताप येतो. तेव्हा ती बाई काय करते? तुमचा मोबाइल नंबर लावते. नंबर लागला नाही तर पुढच्या सभेची वाट बघते. स्वतः गुडघे टेकून देवाशी दोन शब्द बोलावेत, असं तिला वाटत नाही, कारण आपली प्रार्थना वर पोचत नाही आणि सेवकाची पोचते, एवढंच ती मांडवातून शिकून आलेली असते.

शिष्यांनी येशूचे कितीतरी चमत्कार पाहिले होते. तरी लूकच्या अकराव्या अध्यायात ते त्याच्याकडे मागतात काय, तर आम्हाला प्रार्थना करायला शिकव. त्यावर त्याने दिलेली प्रार्थना एवढी लहान आहे, की आमच्या रविवारच्या शाळेतली पोरं एका बैठकीत पाठ करतात. तिच्यात आधी देवाचं नाव, देवाचं राज्य, देवाची इच्छा. मग पोटाची गोष्ट एकदाच, आणि तीही आजच्या दिवसापुरती. त्यानंतर क्षमा, आणि क्षमेला अट: आम्ही इतरांना केली तशी. शेवटी मोहापासून आणि वाइटापासून सुटका. सगळी मागणी ‘आम्ही’ची आहे, ‘मी’ तिच्यात कुठेच नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही प्रार्थना शिकवण्याआधीच तो सांगतो, की खोलीत जा, दार लाव, आणि शब्दांची रास घालू नको, कारण तुला काय हवं ते बापाला आधीच ठाऊक आहे.

मग मागायचंच कशाला, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. देवाला माहिती पुरवण्यासाठी किंवा त्याचं मन वळवण्यासाठी प्रार्थना नसते. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपलं मागणं आपल्यालाच नीट दिसू लागतं. त्यातलं हावरेपण गळतं, आणि उरतं ते घेऊन माणूस उठतो आणि कामाला लागतो. मला कळलेला प्रार्थनेचा हेतू हा एवढा आहे. हे दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. दुसरा सोबत बसू शकतो, आधार देऊ शकतो. उभं मात्र ज्याचं त्यालाच राहावं लागतं.

आमच्याकडच्या घरगुती प्रार्थनेला एकदा या. बुधवारी रात्री जेवणं उरकल्यावर कोणाच्या तरी ओट्यावर आम्ही बसतो. बहुतेक बाया केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या. केळीचा चीक लुगड्यावर पडला की डाग काळा होतो आणि जन्मात जात नाही. त्यांच्या बोटांच्या पेरांतही तो बसलेला असतो. त्या हात जोडतात तेव्हा आधी ती काळी पेरं दिसतात. त्यातली एक अक्षरशत्रू बाई प्रार्थना करते ती लेवा बोलीत, देवाशी एकेरीत, भांडल्यासारखी. तिच्या प्रार्थनेत तिचा स्वतःचा गुडघा सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी येतो दिवसाची मजुरी कापणारा मुकादम, कारण त्याचा मुलगा दवाखान्यात आहे. मग शेजारची बाळंतीण, वादळात आडवी पडलेली मालकाची बाग, सुरतेला गेलेली गल्लीतली पोरं. आपल्यात याला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. ज्याने आपली मजुरी कापली त्याचं लेकरू बरं व्हावं म्हणून देवाकडे मागताना त्या बाईच्या आत काय हललं असेल, याचा विचार करा. दुसऱ्या दिवशी ती मुकादमाशी मजुरीवरून भांडलीच. पण भांडताना शिवी नव्हती. प्रार्थना पोचली की नाही याची यापेक्षा मोठी खूण मला ठाऊक नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. दर वर्षी एका देशातल्या बाया उपासना लिहितात आणि जगभरच्या बाया त्या दिवशी तीच करतात. 2024 साली ती पॅलेस्टाइनच्या बायांनी लिहिली होती. जानेवारीतल्या प्रार्थना सप्ताहाची हाक तर आपल्याच देशातून, पंजाबातल्या लुधियानाहून 1858 साली गेली आणि 1860 पासून तो सप्ताह जगभर पाळला जाऊ लागला. आपलं सोडून दुसऱ्यासाठी मागायची ही सवय चर्चने पिढ्यान्‌पिढ्या लावली. तीन रात्रींच्या सभेत तिला जागा का नसावी?

आता चंगाईबद्दल. या विषयावर तुम्ही चिडता, तरी ऐका.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करू नका, असं मी म्हणणार नाही. याकोबाच्या पत्रात ते सांगितलेलंच आहे. पण तिथे काय सांगितलंय ते पुन्हा वाचा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं. त्यांनी त्याच्या घरी जावं, तेल लावावं, प्रार्थना करावी. म्हणजे मंडळीने खाटेपर्यंत जायचं आहे. आजारी माणसाला टेम्पोत घालून मांडवात आणायचं, रात्रभर थंडीत बसवायचं आणि सकाळी व्यासपीठावर चालवून दाखवायचं, हे त्या पत्रात नाही. पौलाने त्रफिमाला मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवलं. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, तर त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली; काटा निघाला नाही. त्याच्या सोबत फिरणारा लूक तर वैद्य होता. यांतल्या कोणाचा विश्वास कमी होता?

आपल्या मिशनांनी हा धडा महाराष्ट्रात दगड-विटांनी बांधून ठेवलाय. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला 1894 साली दवाखाना उभा केला. आपल्या खानदेशात नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून आदिवासी भागाला सेवा देत आलंय. मिशनच्या दवाखान्यांत ऑपरेशनच्या आधी डॉक्टर प्रार्थना करतात आणि मग हात धुऊन चाकू उचलतात. या दोन्हींत भांडण आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. ते भांडण मांडवात सुरू झालं.

तुमच्या साक्षी मी ऐकतो. बहुतेक साक्ष देणारे खोटं बोलत नसतात. पण सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल अशा समाजांत सिकलसेल किती आहे ते तुम्हाला कोणी सांगितलंय का? या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यागत दुखतं. ही कळ काही दिवस राहते आणि बहुतेकदा ओसरते. ओसरताना तो पोरगा तुमच्या मांडवात असेल, तर तो मनापासून साक्ष देणार. पुढच्या महिन्यात कळ परत आली की मात्र त्याच्या आईला वाटणार, आपलंच काहीतरी पाप आडवं आलं. त्याला रक्ततपासणी, रोजचं औषध आणि भरपूर पाणी हवं असतं. टीबीचंही तसंच. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळतात, साध्या टीबीला सहा महिने घ्याव्या लागतात. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस सभेत येऊन बरा झालो म्हणतो, आणि तुम्ही हालेलूया म्हणता. त्या हालेलूयानंतर ज्याने गोळ्या सोडल्या, त्याचा आजार औषधाला दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो, आणि तोवर घरातल्या लेकरांनाही लागलेला असतो.

केळीच्या बागेत साप निघतात, हे आम्हाला नवं नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंतर-तंतर करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे. भजन, कीर्तन, उपासना यांना तो कायदा हात लावत नाही. भगताला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, असं मागायला आपल्याला तोंड नाही.

आणि ज्यांना गुण येत नाही त्यांचं काय? त्यांना तुम्ही एक वाक्य देऊन जाता: विश्वास कमी पडला. बंधूंनो, हे वाक्य व्यासपीठावरून सहज निघतं आणि घरात वर्षानुवर्षं राहतं. लेकरू गेलेल्या आईला ते सांगणं म्हणजे तिच्या दुःखावर गुन्ह्याचा शिक्का मारणं.

मराठी ख्रिस्ती माणसाने पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1905 च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी रोजच्या खास प्रार्थनेला सुरुवात केली. जूनमध्ये तिथे जे संजीवन झालं, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. एवढी प्रार्थना करणारी बाई दुसरी दाखवा. त्याच बाईने तरुण वयात दुष्काळात आईबाप गमावले, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गमावला, आणि म्हातारपणी, 1921 साली, एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. मधल्या काळात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची तुमची छाती आहे? नसेल, तर पाड्यावरच्या आईलाही म्हणू नका. शिवाय मुक्तीत मुली नुसत्या प्रार्थना करत नव्हत्या. छापखाना, विणकाम, शेती, सगळं त्यांच्याच हातांनी चालत होतं.

गेथशेमाने बागेत खुद्द येशूची विनवणी मान्य झाली नाही. स्तोत्रसंहितेच्या 150 स्तोत्रांत रडगाऱ्हाणी कितीतरी आहेत. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. ज्या ग्रंथाला आपण देवाचं वचन म्हणतो त्याने अशा प्रार्थनेला जागा ठेवली आहे. तुमच्या सभेत एक रात्र ठेवा, जिथे कोणी बरं झाल्याची साक्ष देणार नाही. जे बरे झाले नाहीत ते उभे राहून बोलतील आणि बाकीचे त्यांच्यासोबत बसतील.

प्रार्थनेचं आणखी एक अंग मांडवातून जवळजवळ हरवलंय: पापकबुली. तुम्ही कबुली घेता ती ठोक, सगळ्यांची एकदम, डोळे मिटून. डोंगराच्या उपदेशात तर सांगितलंय, की वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्याकडे भावाभावांचे बांधावरचे तंटे दोन-दोन पिढ्या चालतात. हातभर जमिनीसाठी माणसं एकमेकांच्या मयताला जात नाहीत, आणि सभेत मात्र एकाच सतरंजीवर हात वर करून गातात. तुम्हाला हे ठाऊक नसतं, कारण तुम्ही मुक्कामाला तीन रात्री असता. निदान एवढं करा: एका संध्याकाळी गाणी लवकर संपवा आणि सांगा, की ज्याचं कोणाशी बोलणं बंद आहे त्याने आता उठून जावं, बोलून यावं, मग आपण प्रार्थना सुरू करू. मांडव अर्धा रिकामा झाला तरी घाबरू नका.

दानाविषयीही बोलायलाच हवं. आमचे शेजारी आडगावजवळच्या मनुदेवीला नवस बोलतात, पावला की जाऊन फेडतात. आपल्यातले काही सेवक त्याला व्यवहार म्हणून नावं ठेवतात आणि लगेच त्याच सभेत सांगतात, की दानाचं बी पेरा, शंभरपट पीक येईल. नवस फेडणारा निदान आधी पदरात पडल्यावर देतो. आपण रोजंदारीच्या बाईकडून आधी पाकीट घेतो आणि पीक उद्यावर ठेवतो. शेजाऱ्यांच्या श्रद्धेवर बोलण्याआधी आपली पाकिटं तपासू. आज गावोगाव प्रार्थनेसाठी जमलेल्यांकडे संशयानं पाहिलं जातंय. राज्यघटनेचं 25 वं कलम आपल्याला उपासनेचा हक्क देतं आणि तो आपण सोडणार नाही. पण आमिषाचा आरोप झाला तर छातीठोक उत्तर देता यावं, इतका आपला व्यवहार उघडा असायला हवा. दार लावून प्रार्थना करा असं येशूने सांगितलं. हिशेब दार लावून करा असं नाही.

शेवटचं, भाषेचं. तुमची प्रार्थना आम्हाला पाठ झाली आहे, इंग्रजी-हिंदी शब्दांसकट. म्हणून आमच्या लोकांना वाटतं की तसंच बोललं तर देवाला कळतं. फादर स्टीफन्सने 1616 साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांची वाट सोडून ख्रिस्ताकडे आले नाहीत, त्याच वाटेनं आले. अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणलं, आणि मराठी मंडळीला स्वतःच्या सुरात देवाशी बोलता आलं. मग पावरा पोराने पावरीत, अहिराणी बाईने अहिराणीत प्रार्थना केली तर तिचं वजन कमी का व्हावं? पुढच्या सभेत माईक एकदा अशा बाईकडे द्या. ती अडखळेल, मध्येच थांबेल, पदराने तोंड पुसेल. थांबू द्या.

तेव्हा यंदाच्या सभेसाठी माझी मागणी अशी. तिन्ही रात्री शेवटचा अर्धा तास माईक बंद ठेवा, आम्हाला पाच-पाच जणांत बसवा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला लावा. तुम्ही फिरून ऐका, चुकलो तर सांगा. आजाऱ्यासाठी प्रार्थना केलीत की तिथेच विचारा: तपासणी झाली का, गोळ्या चालू आहेत का, दवाखान्यात सोबत कोण जाणार? बरं झाल्याची साक्ष डॉक्टरचा कागद पाहिल्याशिवाय माईकवर घेऊ नका. आणि दिवसा, सभेच्या आधी, निदान दोन घरी खाटेपर्यंत चालत जा. रस्ता आम्ही दाखवू.

असं झालं तर एखाद्या वर्षी तुमच्यासमोरची रांग लहान दिसेल. तेव्हा सभा फसली असं आयोजकांना वाटू देऊ नका. ती माणसं आपापल्या ओट्यावर बसून मुकादमासाठी, बाळंतिणीसाठी आणि तुमच्यासाठीही प्रार्थना करत असतील. तुम्ही या. जेवण आमच्याकडेच.

प्रभूमध्ये आपला,
मंडळीचा एक सभासद,
यावल, जि. जळगाव